लोण्याची डबी

"ह्याला कढत पानी म्हंत्यात व्हय? निवलंय की पार! वाईच आनी आना," गजरामावशीनं न्हाणीतून हाळी दिली आणि माझी बायको शालन तपेलं घेऊन चुलीकडे पळाली.

मावशी पाटावर पाय लांब सोडून बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं आणि नडग्यांवर माझा अठरा दिवसांचा नातू पालथा. मावशीचा हात पाठीवरून फिरला की त्याचं रडं थांबे आणि तो मांजरासारखं अंग सोडून देई. तिनं कनवटीची पितळी डबी काढली, बोटभर लोणी घेतलं आणि त्याच्या पाठीला, काखेत, मांड्यांच्या वळ्यांत चोळायला लागली.

मी दारात उभा राहून बघत होतो. म्हटलं, "मावशी, गुण तुमच्या हाताला आहे का लोण्याला?"

"दोगांस्नी बी हाय," ती मान वर न करता म्हणाली. "आन् उरल्याला जिभंला हाय. म्हनून तर तुमच्यासारकी मानसं मला भिऊन असत्यात."

ह्याला आता चौदा वर्षं झाली. आमची ढोकरेवाडी मोरणेच्या काठावर आहे. दोनशे उंबरा आणि त्याच्या दुप्पट म्हशी. गजरामावशी विधवा होती, साठीच्या आतबाहेर, आणि गावात तिला दोन कामं होती. काही म्हशी अशा हट्टी असतात, की घरधन्यानं कासेला हात लावला तर लाथ झाडतात आणि मावशीनं नुसती पाठ थोपटली तरी पान्हा सोडतात. अशा सात घरच्या म्हशी ती सकाळ-संध्याकाळ पिळायची. सड चिरू नयेत म्हणून बोटाला लोणी लावायची. धारा उरकल्या की तशीच बाळंतिणींच्या घरी. बाळ न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं अंग रगडायचं, शेक द्यायचा. डबी एकच. लोण्याला लोणी, त्यात दुजाभाव कशाला, असं तिचं म्हणणं. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

आणि मी श्रीपती खोचरे. दोन वर्षांचा डिप्लोमा करून जनावरांची औषधं द्यायला लागलो, पंचवीस वर्षं तेच केलं. पदवी नसली तरी पंचक्रोशी मला डॉक्टरच म्हणे. माझ्या इंजेक्शनानं संध्याकाळी पडलेलं जनावर सकाळी उभं राहतं, अशी ख्याती होती. मला ती आवडायची. का खोटं बोलू?

"आमची सुनी येनार हाय माघात," बाळाला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता मावशी म्हणाली. सुनी तिची एकुलती लेक, शेजारच्या बेलदऱ्यात दिलेली. "नऊ वरसांनी दीस गेल्यात बगा. समद्या गावाची पोरं ह्या पायांवर न्हाली, डॉक्टर. माज्या रगताचं एक बी न्हाई. आता येनार."

हे सांगताना तिचा चेहरा एवढा उजळला, की शालननं तपेलं तसंच हातात धरून ठेवलं.

मग मावशी माझ्या वैजूकडे वळली. वैजू म्हणजे आमची थोरली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पाठ, कंबर रगडून झाल्यावर मावशीचा हात छातीपाशी थांबला.

"हितं गाठ लागतीया. दूध साकळलंय. दुकतंय न्हवं?"

"दुखतंय," वैजू म्हणाली. "बाळ त्या बाजूला नीट पीत नाही."

"मोकळं करतो थांब." मावशीनं पुन्हा डबी उघडली. आमच्याकडच्या बाया 'करते' म्हणत नाहीत, 'करतो' म्हणतात. तिनं तव्यावर कापड गरम केलं, शेकलं, लोणी लावून हलक्या बोटांनी गाठ चोळली. वैजूच्या स्तनाग्राला बारीक चीर पडली होती, तिथंही लोण्याचं बोट लावलं. वैजूला बरं वाटलं. मलाही बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. छाती लालभडक झाली, गाठ लिंबाएवढी. गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चार दिवसांनी इंजेक्शनं दिली. ताप दुपारी उतरे आणि दिवेलागणीला पुन्हा चढे. बाळाला वाटीचमच्यानं वरचं दूध सुरू झालं. शालन मला म्हणाली, "जनावरं उठवता, लेकीला काही द्या की तुमच्याकडचं." मी तिच्यावर खेकसलो. मला राग तिचा आला नव्हता. माझी औषधांची पिशवी खुंटीला अडकवलेली होती आणि माझी नजर दिवसभर तिथंच जात होती.

दहाव्या दिवशी तालुक्याला नेलं. तिथं डॉक्टर मुजावर म्हणून एक तरुण शल्यविशारद बाई होत्या, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गळू कापून पू काढला आणि थोडा तपासणीला पाठवला. जखम भरायचं नाव घेईना. चौथ्या दिवशी तपासणीचा कागद आला आणि त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं.

"हे वाचता येईल तुम्हाला?"

"औषधांची नावं येतात."

"मग वाचा. नावासमोर 'आर' असेल तर त्या औषधाला हा जंतू दाद देत नाही. 'एस' असेल तर देतो."

मी वाचायला लागलो. पेनिसिलिन, आर. टेट्रासायक्लिन, आर. जेंटामायसिन, आर. त्याच्या खाली, त्याच्या खाली, त्याच्याही खाली आर. दहा-अकरा नावं झाल्यावर शेवटी दोन 'एस' दिसले, ते मी कधी हातात न धरलेल्या औषधांचे. पण वरची सगळी मला पाठ होती. खुंटीवरची माझी पिशवी कुणीतरी त्या टेबलावर उपडी केल्यासारखं झालं.

"तुमची मुलगी कधी दवाखान्यात दाखल नव्हती," मुजावरबाई म्हणाल्या. "बाळंतपण साधं. पूर्वी फारशी औषधं घेतलेली नाहीत. मग इतका मुरलेला जंतू आला कुठून? घरी जनावरं आहेत का?"

"नाहीत. मीच जनावरांचा डॉक्टर आहे."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हशीची कास सुजली तर काय देता?"

कास सुजून दगडासारखी होते, दुधात गुठळ्या येतात, त्याला आमच्याकडे दगडी म्हणतात. गावात सगळ्यांत जास्त उपचार मी त्याचेच केले असतील. काय काय देतो ते सांगितलं. त्या समोरच्या कागदावर एकेका नावावर बोट ठेवत गेल्या.

"किती दिवस देता?"

"पाच दिवस द्यायला हवं."

"किती दिवस देता, असं विचारलं मी."

"दोन," मी म्हणालो. "कधी तीन. औषध चालू आहे तोवर दूध डेअरीला घालता येत नाही. सूज उतरली की लोक म्हणतात, बास झालं डॉक्टर. मीही म्हणतो, बास."

"आणि पुन्हा सुजली तर?"

"त्याहून भारी देतो."

बाईंनी आवाज जरासुद्धा चढवला नाही. "दोन दिवसांत जे मरायचे ते जंतू मरतात. त्या औषधाला पुरून उरणारे मागं राहतात, आणि पुढची पैदास त्यांचीच होते. तुम्हाला पैदाशीचं मी काय सांगू? आता या दोन औषधांतलं एक सुरू करते. लागू पडेल. पण हा जंतू तुमच्या घरी कशावरून आला, ते शोधा. घरात तान्हं बाळ आहे."

मला शोधायला लांब जावं लागलं नाही. आनंदा जाधवाची मोठ्या शिंगांची म्हैस त्या वर्षात चार वेळा दगडीनं आजारी पडली होती. चारही वेळा मीच टोचलं होतं. आणि तिची धार काढून मावशी रोज थेट आमच्या घरी यायची. मी त्या म्हशीच्या दुधाचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेतला. मग मावशीच्या घरी गेलो आणि थोडं लोणी मागितलं.

"कशाला वो? गुडगं धरल्यात का?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं चांगलं मोठं बोट भरून काढलं. "लावा जावा. वैजूला बी लावा. कशी हाय पोरगी? मला ततं येऊ द्या की एकडाव. जीव लागंना माजा."

"बरी आहे," मी म्हणालो आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडलो.

माझा एक जुना स्नेही जिल्ह्याच्या गावी प्रयोगशाळेत होता, त्याच्याकडे दोन्ही नमुने दिले. आठवड्यानं त्याचा कागद आला. तो मी मुजावरबाईंच्या कागदाशेजारी ठेवला. दूध, लोणी आणि माझ्या लेकीची जखम. तिन्हीकडे तोच जंतू, त्याच ओळी, तेच आर.

तोवर वैजूला नवं औषध लागू पडलं होतं, ताप गेला होता. शालन डबा घेऊन दवाखान्यात आली होती. तिनं विचारलं, "काय निघालं हो शेवटी?"

मी म्हणालो, "मावशीच्या लोण्यातून आलंय."

ते खरं होतं. पण अर्धं होतं. त्या वाक्याला जोडून दुसरं वाक्य बोलायचं होतं, लोण्यात कुठून आलं ते, आणि ते माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात परिचारिका आली, औषधाची बाटली बदलायला लागली, आणि मी गप्प बसलो. परिचारिका गेल्यावरही गप्पच बसलो. आज मला त्या परिचारिकेवर ढकलता येत नाही.

शालन दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत गेली. आमच्या गावात एखादी गोष्ट गिरणीत गेली की पिठाबरोबर घरोघर पोचते. संध्याकाळी धारांच्या वेळेला सातांपैकी पाच घरांनी मावशीला दारातून परत पाठवलं. बाळंतीण असलेल्या दुसऱ्या घरानं तर निरोप धाडला, की येऊ नका, आमचं आम्ही न्हाऊ घालतो. कुणी म्हणालं म्हातारीचा हात वाईट. कुणी म्हणालं तिच्या डबीत विष आहे. ज्यांची तीन तीन पोरं तिच्या पायांवर वाढली तेच म्हणत होते. आणि चौथ्या दिवशी बेलदऱ्याहून सुनीच्या सासूचा निरोप आला, 'पोरीला बाळंतपणाला धाडत नाही. आईनं हात लावायचा नाही.'

मी तिच्या घरी गेलो तेव्हा दुपार होती. मावशी सोप्यात बसली होती. हातात काम नसलेली मावशी मी प्रथमच पाहिली. समोर सुनीसाठी करून ठेवलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा होता.

"बसा डॉक्टर. च्या ठेवू का? का माज्या हातचा चालायचा न्हाई?"

"ठेवा, मावशी."

ती उठली नाही. "वैजू कशी हाय?"

"उद्या घरी आणतो. जखम भरतेय."

"बरं झालं. द्येवानं बगितलं." तिनं आपले दोन्ही हात पुढे धरले, उलटसुलट करून पाहिले. "मी येडी न्हाई, डॉक्टर. कागदावर लिवलंय म्हंजी आसंल. ह्या हातानंच पोरीला गेलं आसंल. मला त्याचंच झोंबतंय. पर मला येक सांगा. माज्या हातात कुटनं आलं?"

"आनंदाच्या म्हशीच्या कासेतून."

"आन् म्हशीच्या कासंत?"

मी म्हणालो, "जंतू काय मावशी, कुठूनही येतात. माती, शेण..."

"माती-श्यान काय आज हाय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जड गेलं. "त्या म्हशीला तुमी ह्या सालात चार डाव टोचलंसा. धरायला मी हुतो, शिंगं मी धरल्याली. दर डावाला दोन दीस आलासा. तिसऱ्या दिशी येत न्हवतासा. आनंदा म्हनायचा, सूज उतारली. आन् मी काय म्हनायचो?"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी म्हनायचो, डॉक्टर, दगडी ग्याली न्हाई, दबलीया. आतनं खडा लागतूय माज्या बोटाला. तुमी हसलासा. म्हनालासा, मावशी, आता तुमीच दवाकाना काडा."

मी तसं म्हणालो होतो. चार माणसांत म्हणालो होतो आणि चौघंही हसली होती. ते मी विसरून गेलो होतो, ती नाही. मला त्या क्षणी जी शरम वाटली ती मी लपवत नाही. कागदावरच्या 'आर'नं जे मला दाखवलं, ते ह्या बाईच्या बोटांनी वर्षभर आधी सांगितलं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "जंतू त्या कासेत असा माजला तो माझ्या औषधांनी. अर्धी अर्धी दिली म्हणून. मी शालनला तुमचं नाव सांगितलं, माझं सांगितलं नाही."

तिनं लाडवांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मला ठावं हुतं. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा. माजी सुनी येऊ द्या म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध संस्थेत गेलो. किटल्या घेऊन सगळं गाव रांगेत उभं होतं. वजनकाट्याजवळ उभा राहिलो आणि सांगितलं. आनंदाची म्हैस, चार वेळा, दोन दोन दिवस, दोन्ही कागद, सगळं. म्हणालो, मावशीनं नुसतं वाहून नेलं, आणि तेही न कळत. पिकवलं मी. चूक माझी आहे.

मग संस्थेचे चेअरमन पुढं आले आणि त्यांनी चक्क माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं.

"बगा रं बगा, ह्याला म्हंत्यात मानूस. सोताची लेक मरता मरता वाचली, तरी म्हातारीचा दोष आपल्या अंगावर घेत्यात."

"अहो, अंगावर घेत नाही. माझाच आहे," मी म्हणालो.

"आसू दे, आसू दे, डॉक्टर," आनंदा म्हणाला. "तुमच्या विंजेक्शननं माजी म्हस चार डाव हुबी ऱ्हायली. मला शिकवू नगासा. मोठ्या मनाचं मानूस तुमी."

मी कागद दाखवले. त्यांनी ते आदरानं पाहिले, उलटेसुलटे केले आणि परत दिले. जितका जोर लावून सांगावं तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत चाललो, आणि मावशी तेवढी खाली. मी घरी परतायच्या आत गावात नवीन बातमी होती, की डॉक्टरांचं मन सोन्याचं आहे आणि गजरा म्हातारीनं त्यांना रडून भुलवलं. आयुष्यात इतकी वाहवा मिळाली नव्हती. ती मला धड गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

वैजू तेव्हा नुकतीच घरी आली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मी वाट बघत होतो, की ती चिडेल, रडेल.

"आबा," ती म्हणाली, "गावाला कशाला सांगत बसता? गावाचं काय अडलंय? ज्या बाईनं सुनीला अडवलंय तिला जाऊन सांगा."

बेलदरा आमच्यापासून चार किलोमीटर. सुनीच्या सासूचं नाव काशीबाई, घरात आठ म्हशी आणि कारभार सगळा तिच्या हातात. मी गेलो तेव्हा ती गोठ्यात वैरण टाकत होती. सुनी आतल्या दारात उभी होती, पोट पुढं आलेलं, डोळे सुजलेले. मी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली. तोवर मी ती पाठ झाल्यासारखी सांगायला लागलो होतो.

मी थांबल्यावर काशीबाईनं पेंढी खाली ठेवली.

"म्हंजी ह्यो जंतू तुमच्या अर्ध्या सुयांनी वाढला."

"होय."

"आन् विहिनीच्या हातानं पोरीला ग्येला."

"होय. पण ते साबणानं हात धुऊन, म्हशींपासून लांब राहून टाळता येतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून दिलंय."

"आमच्या म्हशी कोन बगतंय, ठावं हाय न्हवं?"

"मीच बघतो."

"ती कडची म्हस. गेल्या साली दगडी झाल्याली. किती दीस टोचलंसा?"

मला आठवत होतं. "दोन."

काशीबाईनं पदर खोचला. "मग आता माजं ऐका. उद्यापासनं आमच्या गोठ्यात पाऊल टाकायचं न्हाई. दुसरं कोन मिळंल ते बगू, पर पाच दीस म्हंजी पाच दीस देनारा." तिनं आत बघितलं. "सुने, कापडं भर. तुला आयकडं सोडतो. पर विहिनीला सांग, बाळाला हात लावायचा आसंल तर म्हशीला लावायचा न्हाई. येक काय त्ये ठरीव म्हनावं."

माझ्यावर विश्वास ठेवणारी ती पहिली बाई. तिनं जे करायला हवं तेच केलं. मी सायकलवर टांग टाकली तेव्हा मला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. एवढा मोठा गोठा हातचा गेला होता, तरी वाटलं.

मावशीला ठरवायला वेळ लागला नाही. त्याच संध्याकाळी उरलेल्या दोन घरांना तिनं सांगून टाकलं, की सुनीचं बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत मी धार काढणार नाही. मुजावरबाईंकडे ती वैजूबरोबर गेली. त्यांनी तिची नखं कापायला लावली, साबण लावून कोपरापर्यंत हात कसा धुवायचा ते शिकवलं आणि नाकात लावायला एक मलम दिलं. त्यावरून मावशीनं सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं विचारलं, "आवं बाई, म्हशी काय नाकानं पिळतो व्हय मी?" बाई हसल्या. जंतू नाकात घर करून राहतो आणि बोटावरून पुढं जातो, हे त्यांनी तिला नीट समजावलं. त्यानंतर मावशीनं मलमाचा एकही दिवस चुकवला नाही. पूर्ण दिवस लावलं, मधेच सोडलं नाही.

गावाचं काय झालं विचाराल, तर आनंदाच्या म्हशीनं आनंदाला लाथ घालून आठ दिवस लंगडवलं. मी त्या म्हशीला यावेळी तपासणीवरून औषध निवडून पूर्ण दिवस दिलं आणि तेवढे दिवस दूध ओतून द्यायला लावलं. आनंदा कुरकुरला. हळूहळू मी दोन दिवसांवर थांबेना म्हणून पुष्कळांनी दुसरा डॉक्टर गाठला. खुंटीवरची पिशवी बरीच हलकी झाली. वाहवा आपोआप थांबली.

सुनीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्याचा वैजूचा निरोप आला तेव्हा मी पलीकडच्या वाडीत एका व्यालेल्या गाईची वार अडकली होती ती काढत होतो. काम उरकलं, हात धुतले, सायकलच्या पिशवीत एक लाल झबलं घेऊन ठेवलं होतं ते काढलं आणि तसाच मावशीच्या दारात गेलो.

दार उघडं होतं. मावशी आत भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या लांब सोडलेल्या नडग्यांवर तिच्या स्वतःच्या रक्ताचं मूल होतं. ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती. मला पाहून हसली. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि हात पुढे केले.

"थांबा," मावशी म्हणाली.

"मावशी, हात धुतलेत."

"धुतलं आसत्याल. कुटनं आलायसा?"

"गोठ्यातून."

"मग तितंच थांबा, डॉक्टर." तिनं बाळावर पदर ओढला. तिचा आवाज मऊ होता आणि त्याला हलवणं शक्य नव्हतं. "माज्या हातावर काय हाय त्ये मला बी दिसत न्हवतं. तुमच्या हातावर काय हाय त्ये तुमास्नी दिसत न्हाई. सव्वा म्हयन्यानं या."

पंचवीस वर्षांत त्या गावातल्या कुठल्याच उंबऱ्यानं मला परत पाठवलं नव्हतं. मी पाय मागं घेतला. झबलं सुनीकडे न देता घरी नेलं, शालनला गरम पाण्यात उकळून वाळवायला सांगितलं आणि वैजूच्या हाती पाठवलं.

बाळ मी सव्वा महिन्यानं पाहिलं.